शून्य सेकंद

सोहारला शुक्रवारी दुपारी
कँपचा लोखंडी जिना हात लावू देत नाही.
वर खोलीत आठ बंक, एक एसी, आणि माझी प्रश्नावली:
एकेचाळीस प्रश्न, प्रत्येकाखाली पाच चौकटी,
‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत.
मधली ‘सांगता येत नाही’.
पुष्कळजण तिच्यावरच बोट ठेवतात, आणि मी खूण करते,
जणू ते उत्तर आहे.

नझीर चोगले, सदतीस, मूळ गाव दाभोळ,
ॲल्युमिनियमच्या भट्टीवर सात वर्षं.
प्रश्न अकरा: गेल्या आठवड्यात घरी किती मिनिटं बोललात?
‘बोलतो कुठं बाई? मिस्ड कॉल देतो.
एक रिंग, ड्यूटीवरनं आलो.
दोन, जेवलो.
तीन, पैसे टाकले, बँकेत जा.’
आणि चार?
‘चारला ती उचलते.
म्हणून चार होऊ देत नाय.’
तिकडून किती येतात, विचारलं,
तर बंकवरचे सगळे हसले.
तो म्हणाला, तुमच्या कागदात नाय बसायचं ते.

मस्कतला डॉ. मुंदिर यांच्या पडद्यावर
फोन कंपनीची यादी उघडते.
जिथे कालावधी शून्य, त्या ओळी आधी गाळायच्या.
शेरा: संपर्क झाला नाही.
माणूस वाईट नाही, दर गुरुवारी घरचा खजूर आणतो,
आणि कँपजवळ दुसरा टॉवर उभा राहिला
तो त्याच्याच आकड्यांवर.
‘मोजलेलं टिकतं,’ म्हणतो,
‘बाकीचं मंत्रालयात कोण ऐकणार?’

ब्लेसीचं दुसरं टोक.
नऊ माणसं, सहाशे पानं,
खोकला, थांबणं, चहाचा घोट, सगळं उतरवलेलं.
तिचा नझीर आणि डॉक्टरांचा नझीर
एकाच रांगेत जेवायला उभे राहिले
तरी ओळख पटायची नाही.
मी दोघांची मदतनीस.
सकाळी गाळते, संध्याकाळी उतरवते.

वाईला आम्हाला गद्रेसर तर्कशास्त्र शिकवत.
जमिनीवर माठ नाही, हे कशानं कळलं?
डोळ्यांनी, असं एक पक्ष म्हणे.
दुसरा म्हणे, डोळ्यांना दिसते ती जमीन,
नसणं कळायला वेगळं प्रमाण लागतं: अनुपलब्धी.
आम्ही मुली मागच्या बाकावर फुटायचो.
नसलेल्या माठापायी
केवढाली ही शतकांची भांडणं!

आता रिफायनरीची ज्वाला रात्रभर खिडकीत.
धुरावरून अग्नी ओळखायची गरजच नाही इथे.
आणि माझ्यासमोर चार हजार दोनशे सहा ओळी,
प्रत्येकीत शून्य, शून्य, शून्य.
माठ नाही.
पण दाभोळला कुणीतरी
त्याच माठातलं पाणी पिऊन झोपायला गेलंय.

मी ओळी गाळल्या नाहीत. नवा रकाना केला.
बैठकीत डॉक्टर म्हणाले, तीन म्हणजे पैसे, कशावरून?
रेंज गेली असेल तर?
म्हटलं, त्यानं सांगितलं.
‘म्हणजे फक्त त्याचा शब्द.’
हो. शब्द.
गद्रेसर तोही प्रमाणांत मोजायचे,
सांगणारा विश्वासाचा असेल तर.
हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही.
रकाना तळटीपेत गेला, टीप परिशिष्टात.
ब्लेसीनं टेबलाखालून पाय दाबला.
तिलाही तो रकाना नकोच होता खरं तर.
आकडा म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो.

अहवाल छापून झाला. मी पुण्यात आहे.
परवा रात्री ओमानच्या नंबरवरून
दोन रिंगा आल्या आणि थांबल्या.
प्रश्नावलीवर माझा नंबर होता, शंकेसाठी.
दोन म्हणजे जेवलो.
पण ते तिच्यासाठी.
माझ्यासाठी दोन म्हणजे काय
हे आमचं कधी ठरलंच नव्हतं.