आठाचा तीन

हायसेक्युरिटी प्लेट आली अन् माझा ब्रश वाळला.
दिघोरीच्या नाक्यावर तीस वर्षं नंबर लिहिले मी,
एमएच एकतीस, मग एमएच एकोणपन्नास,
ट्रकच्या मागं कमळ,
कोण्या पोरीच्या लुनावर तिच्या बापाचं नाव.
ब्रश सुटला तशी रेडियमची कात्री धरली.
मग चौकात खांब उभा राहिला,
खांबावर तो डोळा,
अन् गेलेलं गिऱ्हाईक परत आलं.

"मामा, काही तरी करा ना."
काही तरी म्हणजे
इंग्रजी आठाच्या डाव्या अंगाला
नखाएवढ्या दोन पांढऱ्या पट्ट्या.
आठाचा तीन होते.
पन्नास रुपये.
चालान तीनवाल्याच्या घरी जाते.
तो कोण, कुठचा, मी कधी विचारलं नाही.

सकाळी तर्रीपोह्याच्या गाड्यावर रोज तेच भांडण.
बंडू डोईफोडे म्हणे, हे सेफ्टी नाही राजेहो, वसुली आहे.
उतारावर बोर्ड चाळीसचा,
बोर्डासमोर कडुनिंबाची फांदी.
फांदी तोडाले यांच्यापाशी माणूस नाही,
फोटो काढाले मशीन आहे!
अन् खड्ड्याले कोण धाडते चालान?
सगळे हसले. मीबी हसलो,
वरून तर्री मागून घेतली.

मेडिकलमधल्या सिस्टर वाहाणे तेवढ्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कॅमेऱ्यातलं मले काही समजत नाही,
पण रविवारच्या रात्री खाली गाद्या टाका लागत होत्या,
आता कधीमधी एखादी खाट रिकामी राहते.
आकडा सांगा, आकडा, बंडू म्हणे.
आकडा नाही भाऊ,
खाट सांगून राहिले.

गुरुवारी हवालदार उईके आले.
हातात कागद, काळपट छापलेला:
पांढरी कार, वेग बहात्तर, पहाटचे पाच चाळीस,
अन् कडेला, अर्धा कागदाबाहेर, एक झाडू.
दुसऱ्या फोटोत झाडू नाही.

झाडू कुंदा गजभियेचा.
माझ्याच गल्लीची. तिच्या ढकलगाडीवर
उधारीत 'स्वच्छ' लिहून दिलं होतं मीच,
वेलांटी नव्हती त्याच्यात, सोपं काम.
मांडीचं हाड दोन ठिकाणी.
अजून बोलत नाही.

"या नंबराची तर मोपेड निघते," उईके म्हणे,
"नंदनवनच्या एका मास्तरची.
मास्तर फोनवर रडून राहिला बिचारा.
तुम्ही जुने पेंटर. पाहा बरं,
हा तीन आहे का?"

आपलं काम माणूस अंधारातबी ओळखते.
वरची पट्टी माझ्या हातून जरा तिरपी कापली जाते,
अंगठ्याले जुनी जखम आहे म्हणून.
कागदावर ती तिरपी होती.

दंड दोन हजार, सरकारचा.
पन्नास माझे.
या रस्त्यावर कोणाची वसुली किती झाली
ते बंडूले विचारावं म्हटलं,
पण पावतीपुस्तक मी कधी ठेवलंच नाही.

कात्री उघडी पडली होती.
खाली पांढरे तुकडे, सकाळचेच,
अन् उईके नेमके त्यांच्यावर उभे.

"आठ आहे साहेब."
"कसं काय समजलं?"

बाहेर एक पोरगा बाईक चालूच ठेवून थांबला होता,
काचेवर बोटानं टकटक करत,
"मामा, लवकर करा ना,
मले उशीर होऊन राहिला."