एकक

दर महिन्याच्या पाच तारखेआधी
सांकवाळच्या पिएदादबाईंची बाव मी कागदावर उपसतो.
त्या बाल्कांवात बसून सांगतात, मी लिहितो:
टँकर एकशे बेचाळीस. मीटरचा आकडा.
मागचा वजा जाता इतके घनमीटर.
घनमीटर म्हणजे किती कळशा, त्यांनी एकदा विचारलं.
मी गुणाकार करून सांगितला.
त्या हसल्या, आणि हसता हसता गप्प झाल्या.

मार्चात मीटर अडकला.
"गेल्या वर्षाचाच आकडा घाल," टँकरवाला रुझार म्हणाला,
"पणजीहून कोण येतंय बावीत डोकावायला?"
परवान्याच्या मागे बारीक अक्षरात अट आहे,
मीटर बंद पडल्यास सात दिवसांत कळवणे.
कळवलं.
पोचपावती आली, माणूस नाही आला.

काढलेल्या पाण्याला रकाना आहे,
कुणाला दिलं, कशाला दिलं, त्यालाही आहे.
खाली राहिलं किती, हे फॉर्म विचारत नाही.
म्हणून शेऱ्यात मी लिहिलं:
दोर गेल्या एप्रिलपेक्षा दोन हात जास्त सुटतो.

फॉर्म परत आला. लाल शाईत:
'एकक नमूद करावे.'

पिएदादबाईंनी बांगडी मागे सारली,
कोपरापासून बोटांपर्यंत उजवा हात
फॉर्मवर आडवा ठेवला.
"घे," म्हणाल्या, "माप."