अकरा हजार मीटरवरचं तळघर

आमच्या विमानाला स्वतःचे जिने होते.
तीन दारं, तीन जिने, तिन्ही पोटात उघडणारे.
ताश्कंदच्या धुळीतून लोक थेट चालत यायचे
आणि आधी तळमजल्यावर थबकायचे :
इथे फळीवर ठेवा गाठोडं, इथे हुकावर टांगा कोट.
मशिदीच्या पायरीवर जोडे सोडावेत तसं,
म्हणायचा एर्गाश, आमचा हमाल,
हळूच, आजूबाजूला कुणी नाही असं बघून.

मग आतल्या जिन्याने वर, माडीवर,
मोकळ्या हातांनी.
वर साडेतीनशे खुर्च्या, दोन गल्ल्या,
आणि मधल्या रांगेवर छत इतकं उंच
की नमनगानच्या एका म्हाताऱ्या सुताराने
मान वर करकरून पाहिलं आणि विचारलं :
एवढी जागा आहे, तर माळा का नाही काढला?

मी खाली. माझं स्वयंपाकघर तळघरात.
ढगांच्याही वर तळघर,
हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.
मुलगी आकाशात नोकरीला लागली
म्हणजे दिवसभर आकाशच बघत असणार.
मी बघत असे कोंबडीच्या तंगड्या,
साडेतीनशे, मोजून.

वर रोग्नेदा, खाली मी, मध्ये कपाटाएवढी लिफ्ट.
ताटं चढायची, उष्टी उतरायची.
कामाच्या वेळी रोग्नेदा म्हणजे दोन मनगटं :
डाव्यावर भाजल्याचा डाग, उजव्यावर नवऱ्याचं घड्याळ,
नवरा गेल्यावरही त्याच्याच गावाची वेळ दाखवणारं.

एकदा ताटांबरोबर मीही चढले,
आणि अरल समुद्रावर कुठेतरी लिफ्ट अडकली.
ना खालची, ना वरची.
पत्र्यापलीकडे एक मूल पाणी मागत होतं,
पायाखाली बंब एकटाच खदखदत होता.
'मुनीरा, आहेस ना?' रोग्नेदाने विचारलं,
जसं काही मी कुठे जाणार होते.
वीस मिनिटं.
अंधारात मी एक पाव खाल्ला, हिशेबातला.
त्याची चौकशी अजून व्हायची आहे.

ती विमानं मोडीत गेली.
परवा भाचीकडे जाताना नव्या विमानात बसले.
जो तो आपलं ओझं आपल्याच डोक्यावर कोंबत होता,
वर झाकण दाबत होता,
आणि मग सगळी वाटभर त्याच्याखाली बसून होता.
माझी पिशवी कुठे ठेवू, मला सुचेना.
पाय जिना शोधत होते.

पण सांगायचं होतं ते कोटाचं.
जानेवारी, दोमोदेदोवो, उणे चोवीस.
सगळे उतरले आणि मधल्या जिन्यापाशी
हुकावर एक कोट राहिला. करडा, कोपराला ठिगळ,
खिशात जर्दाळूच्या बिया आणि ट्रामचं तिकीट.
मी बाहेर डोकावले.
पुढच्या जिन्याखाली, बर्फात,
एक माणूस नुसत्या सुटात उभा.
कडेवर लव्हाळ्याच्या जाळीतलं खरबूज,
तान्ह्या मुलासारखं,
आणि पोलिसाला सांगत होता, कोट चोरीला गेला.
चढला होता मधून, उतरला पुढून.
तिन्ही तळघरं एकाच सुईने शिवल्यासारखी,
त्याची काय चूक?

मी धावले, अंगावर एप्रन, पायात कापडी सपाता.
त्याने कोट घेतला
आणि आधी खरबुजाला गुंडाळला.
'मुलीकडे चाललोय, वसतिगृहात,' म्हणाला,
'गारठलं तर आतून काळं पडतं.'
दात वाजत होते त्याचे.
मग माझ्याकडे नीट बघून, जरा संशयानेच :
'तुम्ही कुठे होता? वर तर दिसला नाहीत.'

'खाली,' मी म्हटलं,
'तुमच्या कोटाशेजारी.'