ताणकाटा

भूमच्या वरच्या माळावर बाभळीच्या आडव्या फांदीला
ताणकाटा टांगलाय.
पोरीच्या जुन्या वहीत, पाढ्यांच्या मागच्या पानावर
मी वजनं लिहिते.

गवरीला पौषात जुळं झालं, दोन्ही माद्या.
बाप जतच्या बाजारातला, बाकदार नाकाचा एडका.
त्याच्यासाठी आप्पांनी घोडी विकली
आणि महिनाभर कुणाशी बोलले नाहीत.
दोन किलो सहाशे. दोन किलो पाचशे.
फरक म्हणजे दोन मुठी बाजरी.

गवरीचं एकच सड चालू.
म्हणून एक पिल्लू ठकूवन्संनी पदरात घेतलं,
एसटीत मांडीवर बसवून माजलगावला नेलं.
तिकडं कालवा, उसाचं वाढं, लसूणघास,
वर शेळीचं दूध, बाटलीनं.
दुसरं माझ्यामागं चालत राहिलं.
कुसळी, बोरीचा पाला, वैशाखात शेंगा,
पाणी दिसेल तिथं.

आप्पा म्हणायचे, खाण तशी माती.
मी मान हलवायची.

वर्षानं वन्सं आल्या, टेम्पोतून मेंढी उतरवली.
फांदी करकरली : चौतीस.
माझी एकवीस,
तेही वहीत जरा गोल करून.
आप्पा उकिडवे बसले, दोघींच्या नाकावरून हात फिरवला.
तोच बाक.
डाव्या पायानं माती उकरायची तीच खोड,
कुणी न शिकवलेली.

"रक्त हाय," आप्पा म्हणाले.
"घास हाय," वन्सं म्हणाल्या.
अंधार पडेस्तोवर बापलेक भांडले.
चढावर वन्संची मेंढी अर्ध्यात धापा टाकत थांबली,
माझी वर खडकावर उभी राहून
खाली बघत होती.

पुढच्या साली पाऊस बरा झाला.
गाभण होती तेव्हा मी तिला रोज ओंजळभर हुलगे दिले,
आप्पांच्या नकळत.
एकवीस किलोच्या माझ्या वाळक्या मेंढीनं
तीन किलो शंभरचं कोकरू टाकलं.
मी काटा दोनदा शून्यावर आणून बघितला.
जे तिला वाढता आलं नाही
ते कुठंतरी जपून ठेवलं होतं म्हणायचं,
का हुलग्यांचंच सगळं?
वहीत त्याला रकाना नाही.

पोरगी रुसते : मलाबी तोल.
आकड्याला लोंबकळते, पाय वर घेऊन खिदळते.
नाक आप्पांवर गेलंय,
त्याला इलाज नाही.
रात्री सगळ्यांच्या आधी
तिच्या ताटलीत अंडं सोडते.