डावा कान

अक्कलकोट रोडच्या अलीकडं, बंद पडलेल्या सायझिंगच्या भिंतीवर
तो पहिल्यांदा आला, त्या वर्षी मी अकराचा होतो
आणि सायन्ना पेंटरचा डबा धरायचो.
हिरव्याचा डबा. जंगल खूप लागणार होतं.

त्याचा फोटो नव्हताच कुणाकडं.
काढला असेल पोलिसांनी, तर मेल्यावर,
असं म्हातारा कुमरे म्हणाला,
आणि मेलेला आपल्याला कशाला पाहिजे?
चांद्याच्या पलीकडून आलेली ही माणसं
लूमवर बारा तास उभी असायची.
त्याचं नाव सांगायचं झालं की मात्र खाली बसायची,
मांडी घालून, नीट.
तीन घरांत तीन तऱ्हेनं म्हणायची ते नाव.
सायन्नानं चौथ्याच तऱ्हेनं लिहिलं, तेलुगू वळणाचं.

धनुष्य जमंल, पागोटं जमंल,
सायन्ना ब्रश कानाला लावून म्हणाला, तोंडाचं काय करू?
तेवढ्यात पाळी सुटून मारू आत्राम आला,
अंगभर कापसाची लव, पापण्यांवरसुद्धा.
उभा राहा बे जरा.
काय?
उभा राहा म्हणलं.
काय? असं म्हणत त्यानं डावा कान पुढं काढला.
उजवा खटखटीत गेलेला.

तस्साच काढला सायन्नानं.

साग नऊ झाले, दहावा अर्धा, वर्गणी संपली.
धनुष्याला दोरी राहिली ती राहिलीच.
मग पोरांनी दोन खिळे ठोकले
आणि वीस काउंटचं रद्दी सूत ताणून बांधलं.
उन्हानं तुटायचं. परत बांधायचो.
बाण कुणी मागितला नाही.

त्याच्या पायाशी नळ.
पाचव्या दिवशी पाणी, रात्री अडीचला,
म्हणून साडेबारापासूनच हंडे त्याच्यासमोर बसायचे
सभेला बसल्यासारखे.
जंगल म्हणजे काय गं, असं विचारणाऱ्या पोराला
आई रुळांपलीकडच्या वेड्या बाभळी दाखवायची
आणि मग गप्प व्हायची.

मारू छातीनं गेला. छत्तीसचा होता.
शेठजींसमोर त्यानं कधी मान वर केली नव्हती,
एकदा बोनसचं विचारलं, तेही दाराशी, चप्पल काढून.

आता चौकात अर्धपुतळा आहे, सोनेरी, बाहेरून करून आणलेला.
आता जयंतीला फ्लेक्स लागतात, आणि ते मीच करतो,
सात रस्त्याला, दुकानात, कॉम्प्युटरवर.
गिऱ्हाईक सांगतं, गोरा घ्या, दंड भरलेले घ्या,
साहेबांचा फोटो वर, त्याच्याहून जरा मोठा.
मी घेतो. पोट आहे.
फक्त रात्री, मालक गेल्यावर,
माऊसनं त्याचा डावा कान थोडा पुढं ओढतो.
सहा वर्षं झाली. कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

जंगूबाई आत्राम पुतळ्याकडं जात नाही.
विड्यांचा हजार कारखान्यात मोजून दिला की
ती भिंतीकडं येते. रंग पोपडे धरून गळलाय,
साग तीनच उरलेत, नावातलं पहिलं अक्षर गेलंय.
आज धनुष्य घेऊन उभा आहेस होय,
म्हणते ती, तंबाखूनं काळी झालेली बोटं पदराला पुसत,
त्या शेठजीपुढं कुठं ठेवलं होतंस?
लोक नमस्कार करत जातात, हार घालतात,
आणि ती हाराखालची धूळ झटकते,
नवऱ्याच्या सदऱ्यावरची झटकावी तशी, जरा रागानं.

परवा अडीचला मी तिथून चाललो होतो.
नळ नुसताच फुसफुसत होता, मग धार आली.
बायका उठल्या, हंड्यांचा आवाज झाला.
जंगूबाईनं पहिली आपली घागर लावली,
मग भिंतीशी वळली,
टाचा उंचावून त्या कानाजवळ तोंड नेलं,
आणि सगळ्या गल्लीला जाग येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,
पाणी आलंय.