स्केल एकास दहा

रुवीतल्या आमच्या बँडचं नाव होतं ‘द वॉटर टँकर्स’.
आमच्या म्हणजे त्यांच्या. मी नुसती पत्रकं काढायचे.

ग्लॅड्सन पिंटो गायचा, वाहिद बलुची ड्रम बडवायचा,
आणि लंकेचा रुवान, बेस गळ्यात अडकवून,
उधारी मागायला आल्यासारखा कोपऱ्यात उभा.
गाणी अडीच मिनिटांची.
तीन कॉर्ड, दोन आवाज, एक मुलगी,
आणि ती प्रत्येक गाण्यात दारसैतला उतरून जायची.
एवढ्याशा दुःखाला इतकी लख्ख कल्हई
मी पुन्हा कुठे ऐकली नाही.

बाबा ड्राफ्ट्समन. ऑफिस आमच्याच इमारतीत, खाली.
किल्ली शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीला,
बाबा घोरत.
अमोनियाचं मशीन तापायला वीस मिनिटं,
मग कागद यायचा दमट, निळा,
नाकात घुसून डोळ्यांतून बाहेर पडणारा.
कुणाच्या तरी व्हिलाच्या नकाशातून उरलेल्या पट्टीवर
मी काढलेली गिटार.
खाली बाबांच्यासारखीच चौकट, गंमत म्हणून :
स्केल एकास दहा. काढणार : मी. तपासणार : रिकामं.
शुक्रवार, सात वाजता, बॅडमिंटन कोर्ट.

भिंतीवर चिकटवलं तर दंड.
म्हणून न्हाव्याच्या आरशाच्या कडेला,
खुबूसच्या पिशवीत, शाळेच्या बसमधल्या सीटच्या फटीत,
कॅसेटवाल्या कोयाच्या काचेखाली, जिथे
पत्रकाला ऊन लागून दोन दिवसांत गिटार पुसली जायची.
सगळ्यात जास्त माणसं आली ती एकेचाळीस.
त्यात वाहिदचे चुलतभाऊ अकरा.

मग ग्लॅड्सन कॅनडाला गेला.
रुवानच्या वडिलांचा करार संपला.
वाहिदनं पुढे खराच टँकर घेतला, पाण्याचा, निळा.
मला पुष्कळ वर्षं वाटत होतं, हे सगळं
मी कुणाला तरी सांगितलेलं आहे.

यंदा रोह्याला
बाबांच्या टी-स्क्वेअरच्या पिशवीत एक सापडलं.
अमोनियाची छपाई उजेडात मरते, अंधारात राहते.
तारीख वाचता येते. ‘प्रवेश फुकट’ वाचता येतं.
‘तपासणार’पुढे पेन्सिलीनं, बारीक : वि. टि.

कार्यक्रमाला ते आले नव्हते.
निदान मला दिसले नव्हते.

मी गिटारीला पाचच तारा काढल्या होत्या.
सहावी पेन्सिलीची आहे,
पट्टी लावून ओढलेली.