प्रूफं

नवतप्याचा चौथा दिवस.
कूलरमधली खस वाळून कडक,
आणि गांधीबागेतल्या छापखान्यात मी
लाल पेन घेऊन तपासतोय
सेमिनरीच्या पुस्तकातलं प्रकरण नववं: वँडल.

ऐंशी हजार माणसं समुद्र ओलांडतात,
बायका, पोरं, घोडी.
ओठांवर त्यांच्याही
'हे आमच्या स्वर्गातील पित्या'.
हिप्पो शहराला वेढा पडतो.
आत म्हातारा बिशप तापानं फणफणलेला,
पश्चात्तापाची स्तोत्रं भिंतीवर डकवून
अंथरुणातून वाचत रडणारा.
तटाबाहेरही तीच स्तोत्रं,
वेगळ्या भाषेत, वेगळ्या चालीत.

भांडण कशावरून?
पिता जो, पुत्र तोच,
की तसाच.
मी दोन्ही शब्द समासात लिहून बघतो.
काना-मात्रा जाते, एक 'सा' येतो.
आमच्या धंद्यात एवढ्याला खूण करतात, झालं.
तिकडे चर्चच्या किल्ल्या हिसकावल्या,
बिशप वाळवंटात हाकलले,
काहींच्या जिभा कापल्या,
तरी ते बोलत राहिले, असं लिहिलंय.
पुढे लेखकानंच प्रश्नचिन्ह टाकलंय.
ते मी राहू देतो.

शांतवन, माझा धाकटा,
सदरच्या आमच्या चर्चमधून उठून गेला
त्याला अकरा वर्षं झाली.
शिंपडलेलं पाणी पुरत नाही म्हणे,
आख्खं बुडावं लागतं.
आईला जरीपटक्यात पुरलं तेव्हा
त्याचा पाळक आधी की आमचा
यात उन्हात वीस मिनिटं गेली.
खड्डा खणणारा देवाजी शेवटी म्हणाला,
"लवकर करा न जी, माती तापून राह्यली."

पुढच्या पानावर रोम.
चौदा दिवस लुटलं, पण मोजून.
एका देवळाचं सोनेरी छप्पर नेलं
तेही अर्धंच.
उरलेल्या अर्ध्याखाली मग कोण बसलं?
समासात लिहितो, खोडतो.
प्रूफवाल्यानं असले प्रश्न विचारू नयेत.

या गठ्ठ्याखाली
शांतवनच्या मंडळीचं पत्रक आहे.
दर महिन्याला माझ्याकडेच येतं,
त्याला ठाऊक नाही.
'पिता' लिहिताना अजून 'पीता' लिहितो,
जणू देवालाच तहान लागलीय.
मी वेलांटी फिरवतो.
चौथीत त्याच्या वहीतली मीच फिरवायचो,
बाई यायच्या आत.